घर ठरवायच्या आधी

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नोकरीचं पत्र नीट वाचलं. कामाच्या यादीत आलेल्या पत्रांची नोंद, फायलींना क्रमांक आणि बैठकांच्या वेळा ठरवणं एवढंच आहे. पात्रता, कोणतीही पदवी. तू भूजलशास्त्रात एम.एस्सी. केलं आहेस. बोअरमधून वर आलेल्या मातीचा रंग आणि पोत बघून खाली कुठला थर आहे ते तू सांगतेस. हे काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण ऑफिस नव्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे, एवढ्याच कारणाने तू हो म्हणते आहेस, ते मला पटलेलं नाही.

शिक्षण आणि नोकरी यांचा मेळ का बसत नाही, हा विषय मी इतकी वर्षं वर्गात शिकवते. शिक्षण एक आणि काम भलतंच असं झालं, की लोक मार्कांना नाहीतर नशिबाला दोष देतात. अंतराकडे कुणी बघत नाही. माणूस नोकरी शोधतो ती घराभोवती, जाऊन-येऊन करता येईल तेवढ्या टापूत. साध्या हिशेबनिसाला त्या टापूत दहा जागा सापडतील. तुझ्या विषयाची एकही नसेल. शिक्षण जितकं विशेष, तितक्या त्याच्या जागा विखुरलेल्या. ब्युखेल आणि व्हान हाम या दोन संशोधकांनी जर्मनीतल्या कामगारांची माहिती तपासून २००३ मध्ये हेच मांडलं. घरापासून ठरावीक वेळात ज्यांना जास्त नोकऱ्या गाठता येतात, ज्यांच्या हाताशी गाडी आहे, त्यांच्यावर शिक्षणापेक्षा खालचं काम पत्करायची वेळ कमी येते.

जावयांची बदली झाली म्हणून तू सोबत जाते आहेस. आनंदाने जा. मात्र रॉबर्ट फ्रँक या अर्थतज्ज्ञाने १९७८ मध्ये जे लिहिलं ते तुझ्याच बाबतीत घडताना मला दिसतंय. नवराबायको दोघांनाही एकाच गावात काम हवं असतं. गाव बहुतेक वेळा नवऱ्याच्या नोकरीवरून ठरतं, आणि मग त्या गावात जे मिळेल ते बायको घेते. तिच्या पदवीला साजेसं काम मिळणं अवघड होतं ते तिथे. तुमच्याकडे तर पुढचं पाऊलही पडलंय. गाव त्यांच्या नोकरीवरून ठरलं, घर त्यांच्या ऑफिसजवळ पाहिलं, आणि आता त्या घराजवळ जे असेल ते तुझं. तीन निर्णय झाले, आणि एकातही तुझ्या शिक्षणाचा विचार झाला नाही. यात जावयांचा दोष नाही. कुणी विचारलंच नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

'आत्ता हे घेते, मग बदलेन,' असं तू लिहिलंस. त्याचीच मला जास्त काळजी वाटते. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या तरुणांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच शिक्षणापेक्षा खालची नोकरी धरणाऱ्यांना योग्य कामापर्यंत पोचायला उलट जास्त वेळ लागतो, असं त्यात दिसलं. ते समजण्यासारखं आहे. दिवसभर फायली लावून आल्यावर अर्ज लिहायचे कधी? आणि पुढचा मालक पदवीच्या आधी शेवटचं काम विचारतो.

रोज चार तास प्रवास कर असंही मी म्हणणार नाही. लांबच्या प्रवासाने माणूस पिचतो, पगार वाढला तरी त्याची भरपाई होतेच असं नाही. पुढे मूल झालं की तो वेळ आणखी महाग पडेल. पण घराच्या दारात ऑफिस आणि चार तासांचा प्रवास यांच्यामध्ये बरीच जागा आहे. भूजलाच्या कामात महिन्यातले काही दिवस फील्डवर जातात, काही अहवाल घरून लिहिता येतात. मग ऑफिसला रोज जावं लागेल की आठवड्यातून दोनदा, हे आधी विचारून घे. आठवड्यातून दोनदा असेल तर दीड तासाचं अंतरही झेपेल.

घराचा करार अजून झालेला नाही ना? मग तो थांबव. तुझ्या विषयाची ऑफिसं त्या शहरात आणि आजूबाजूला कुठे कुठे आहेत ते नकाशावर मांड. किलोमीटर मोजू नकोस, दारापासून दारापर्यंत लागणारा वेळ मोज, तोही सकाळच्या गर्दीतला. मग दोघं मिळून असं घर शोधा की जावयांना अर्धा तास जास्त लागला तरी चालेल, पण तुला दोन-तीन ठिकाणी अर्ज करता येतील. जावई समजूतदार आहेत, नकाशा समोर ठेवलास तर ऐकतील. तू बोललीच नाहीस, तर मीच फोन करेन त्यांना.

पत्राला उत्तर द्यायची मुदत कधीपर्यंत आहे ते लगेच कळव.

तुझी,
आई