बंड्या, खुर्चीतून दहा वेळा ऊठ

प्रिय बंड्या,

काल फोन केला तर वहिनींनी उचलला, तू झोपला होतास. परवाही झोपलाच होतास. त्या म्हणाल्या, दुसऱ्या केमोपासून दिवसभर पडूनच असतात, आम्हीही उठवत नाही, म्हटलं होऊ दे आराम. तेव्हा मी नुसतं हो हो केलं पण रात्री झोप लागेना, म्हणून हे एवढं टाइप करत बसलोय. एका दमात वाचू नकोस, चहा घेत घेत वाच.

अरे मीही हेच केलं होतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तुझंच ते औषध, पहिल्या दिवशी सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध, मग चौदा दिवस गोळ्या आणि सात दिवस सुट्टी, अशी एक सायकल. पहिल्या दोन सायकलमध्ये मी पलंग सोडला नाही. आपल्याकडे आजारी माणूस म्हणजे मऊ भात, खिडकीचा पडदा ओढलेला आणि येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणणार "तुम्ही अजिबात हलू नका". हलत नव्हतो, तरी थकवा वाढतच होता. दिवसभर कष्ट केले की येतो तो थकवा रात्रीच्या झोपेने जातो, हा जात नाही, दहा तास झोपून उठलं तरी अंगावर ओलं घोंगडं पांघरल्यासारखं वाटतं. तिसऱ्या सायकलच्या आधी एकदा कमोडवरून उठताना नळाला धरावं लागलं आणि मांड्या बघितल्या तर नुसत्या काड्या. तेव्हा मात्र टरकलो.

राग याचा येतो की कुणी सांगितलंच नव्हतं. काय खायचं नाही याची दोन पानी यादी हातात दिली, पण चालायचं का, किती चालायचं, यावर एक ओळ नाही. शेवटी माझ्या मेव्हणीच्या ओळखीची एक फिजिओ आली, तिने पहिल्या भेटीतच झापलं. पडून राहिलं की स्नायू झपाट्याने झडतात, हृदयालाही कमी काम करायची सवय लागते, मग संडासपर्यंत जाणंसुद्धा गड चढल्यासारखं होतं आणि माणूस घाबरून अजून पडून राहतो. केमोने थकवा येतोच पण त्यातला बराचसा आपण पलंगावर कमावतो, असं तिचं म्हणणं.

व्यायाम काय दिला, तर खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. मी हसलो. सहाव्या वेळेला हसू गेलं. मग ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या, भिंतीवर हात टेकून उभ्याने जोर, आणि चालणं, सुरुवातीला फक्त पाच मिनिटं, घरातून जिन्यापर्यंत. दिवसातून तीनदा पाच मिनिटं, एकदम पंधरा नाही. दर दोन तीन दिवसांनी मिनिट दोन मिनिटं वाढवायची. असं करत करत चौथ्या सायकलला मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर वीस मिनिटं चालत होतो, हळूच, बाजूने आज्या पुढे निघून जायच्या तो भाग वेगळा. थकवा गेला असं नाही म्हणणार, पण दुपारी पेपर वाचण्याइतका उरायला लागलो.

आता तुझी खरी भीती मला वेगळीच आहे. तू तालमीतला गडी. एकदा डोक्यात घेतलंस की उद्या सकाळी पाचला लंगोट लावून शंभर बैठका मारशील, तुझा भरवसा नाही. तसलं काही करायचं नाही! पोटावरचे टाके बाहेरून भरले तरी आतलं भरायला वेळ लागतो, जमिनीवरचे जोर नाहीत, सिलिंडर उचलणं नाही, हर्निया झाला की पुन्हा टेबलावर. वजन कधी उचलायचं ते सर्जनला विचारूनच. मीही शहाणपणा केला होता, दोन दिवस गोळ्यांनी जुलाब चालू होते तरी रोजचा नेम चुकवायचा नाही म्हणून निघालो आणि ट्रॅकवरच डोळ्यांपुढे अंधारी आली, खाली बसलो, एका भेळवाल्याने पाणी दिलं आणि रिक्षात घातलं. घरी हिने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तेव्हा नीट ऐक, ताप १००.४ च्या वर गेला तर व्यायाम बियाम विसरायचं आणि आधी डॉक्टरला फोन. उलट्या, जुलाब, चक्कर, छातीत दुखणं, यातलं काही असलं तरी सुट्टी. प्रत्येक सायकलच्या आधी रक्त तपासतात ना, तो रिपोर्ट दाखवून विचार, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघून आज किती झेपेल. ते खूप खाली असतील तर नुसतं घरात फिरणं बास.

थंडीचं तुला एव्हाना कळलं असेलच. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतल्यावर मी फ्रिजला हात लावला आणि बोटांत शॉक बसावा तशा सुया टोचल्या, गार पाण्याचा घोट तर घशात काचेसारखा अडकला. हिने फ्रिजच्या हँडलला जुन्या बनियनची चिंधी बांधली होती. म्हणून पहाटेचा वॉक नको, कितीही हवा शुद्ध असली तरी. दुपारी चारनंतर जा, कानटोपी, तोंडावर मफलर, पायात मोजे. लोक हसतील, हसू देत.

पायांकडे मात्र रोज बघ. त्या गोळ्यांनी तळवे लाल होतात, आग होते, कातडी सोलते. मी दोन आठवडे दुर्लक्ष केलं आणि मग टाच टेकवता येईना. डॉक्टरला लगेच सांग, ते डोस कमी जास्त करतात, ते युरियाचं क्रीम लाव, गरम पाण्यात पाय घालून बसू नकोस, आणि बूट सैल घे. ज्या दिवशी तळवे दुखतील त्या दिवशी चालणं बंद, खुर्चीत बसून पाय सरळ कर, हाताने रबरचा पट्टा ओढ. आणि बधिरपणा. माझ्या पायातून स्लीपर कधी निसटली ते मला कळायचं नाही, मागून नातू ओरडायचा, आबा चप्पल! हा बधिरपणा औषध संपल्यावरही काही महिने वाढू शकतो, माझा वाढला. त्यासाठी ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, दहा आकडे मोजायचे, मग दुसरा पाय. बधिरपणा जातो म्हणून नव्हे, पण पडत नाही माणूस.

तुला पुराव्याशिवाय काही पटत नाही हे माहितीये, म्हणून सांगतो. २०२५ च्या जूनमध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, आपल्याच आजाराचा, मोठ्या आतड्याचा. ८८९ पेशंट, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना नुसती माहितीची पुस्तिका, निम्म्यांना तीन वर्षं शिकवणाऱ्या माणसासोबत व्यायाम, म्हणजे साधारण आठवड्यातून तीन चारदा पाऊण तास झपाझप चालण्याइतका. पाच वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेले व्यायामवाल्यांत ८० टक्के, दुसऱ्यांत ७४. पण हे केमो संपल्यानंतरचं आहे हं, तू आत्ताच त्याच्या मागे लागू नकोस. आणि व्यायामवाल्यांत स्नायू, सांधे दुखावण्याच्या तक्रारी जास्त निघाल्या, तेही त्यांनी लपवलं नाही, मला ते आवडलं. आत्ता तुझं काम एवढंच की केमो संपेल तेव्हा तू चालता असायला हवास.

वहिनींना हे वाचून दाखव. त्यांना म्हणावं, ताट पलंगावर आणून देऊ नका, टेबलावर ठेवा, यांना तिथपर्यंत येऊ दे. आणि अंडी, डाळ, दही काय जाईल ते पोटात जाऊ दे, नुसत्या व्यायामाने मांडी भरत नाही. तोंडाला लोखंडाची चव येत असेल तर तांबड्या रश्श्याची आठवण काढून रडू नकोस, परत येते चव, मला चार महिने लागले.

रविवारी साडेचारला फोन करतो. तू दारातून निघ, रंकाळा नंतर, आधी गल्लीच्या टोकापर्यंत. मी इकडे ट्रॅकवर असेन. दोघं चालता चालता बोलू. बोलताना धाप लागून शब्द तुटायला लागले तर स्पीड कमी कर, आणि गाणं म्हणता आलं तर जरा वाढव. पण म्हणून दाखवू नकोस, हॉस्टेलवर चार वर्षं ऐकलंय.

तुझा,
दिल्या