‘ग्लॅमर’ हॉलिवूडचे नव्हे, व्याकरणाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत शब्दांच्या उगमावर चौकट येते. गेल्या रविवारी त्यात ‘ग्लॅमर’ होता. हा शब्द हॉलिवूडने घडवला, ‘ग्लो’ म्हणजे चमक आणि फ्रेंच ‘आमूर’ म्हणजे प्रेम यांची ती जोडगोळी आहे आणि त्याचे मूळ स्कॉटिश गेलिक भाषेत आहे, असे तिथे छापले आहे. हॉलिवूडने घडवला असेल तर गेलिक कुठून आली, आणि गेलिक असेल तर फ्रेंच प्रेमाचे तिथे काय काम, हा प्रश्न छपाईपूर्वी कोणाला तरी पडायला हवा होता. शब्द स्कॉटलंडमधूनच आला एवढे खरे. पण मुळात तो ‘ग्रामर’ आहे, म्हणजे आपले शाळेतले व्याकरण.

आधी गेलिकचा गोंधळ सोडवू. स्कॉटलंडमध्ये दोन वेगळ्या जुन्या भाषा आहेत. गेलिक ही केल्टिक कुळातली, आयरिशची बहीण. स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण, जर्मानिक कुळातली. दोन्हींना ‘स्कॉटिश’ म्हणून एकाच पोत्यात भरणे म्हणजे कर्नाटकात ऐकली म्हणून कोकणीला कन्नड ठरवण्यासारखे आहे. ‘ग्लॅमर’ स्कॉट्स भाषेतला आहे.

आता ग्रामरपासून ग्लॅमरपर्यंतचा प्रवास. ग्रीक ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर. त्यावरून लॅटिन ‘ग्रामाटिका’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘ग्रामेर’ आणि तिथून इंग्रजीत ‘ग्रामर’. मध्ययुगात ग्रामर म्हणजे नामे-क्रियापदे नव्हेत, तर लॅटिन. आणि लॅटिन म्हणजे पुस्तकात असलेली झाडून सगळी विद्या. ज्या गावात पाद्री सोडून कोणाला अक्षर येत नाही, तिथे जाड पुस्तक उघडून न कळणाऱ्या भाषेत पुटपुटणारा माणूस नेमके काय करतो आहे, हे कोणी सांगावे? तो रोग बरा करत असेल, नाहीतर वादळ बोलावत असेल. म्हणून ‘ग्रॅमरी’ या रूपाला आधी विद्वत्ता आणि मग गूढविद्या असा अर्थ चिकटला. फ्रेंचमध्येही तेच घडले. तिथे याच शब्दाचे ‘ग्रिम्वार’ झाले आणि त्याचा अर्थ मंत्रतंत्राची पोथी असा ठरला.

आपल्याला हे अवघड वाटायचे कारण नाही. आपल्याकडे ‘विद्या’ शाळेतली असते आणि ‘काळी विद्या’ही असते. व्याकरण चुकले तर मंत्र उलटतो, ही कथा तर पतंजलीच्या महाभाष्याच्या सुरुवातीलाच सूचित केलेली आहे. देवांचा कारागीर त्वष्टा याला इंद्राला मारणारा हवा होता. त्याने ‘इंद्रशत्रु’ हा शब्द उच्चारला, पण स्वर शेवटच्या अक्षरावर देण्याऐवजी पहिल्या पदावर दिला. तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला. ‘इंद्राला मारणारा’ऐवजी ‘इंद्र ज्याला मारणार तो’ असा अर्थ झाला आणि त्याने निर्माण केलेला वृत्रच मारला गेला. समासाचा विग्रह चुकल्यामुळे कोणाचा तरी जीव गेल्याचे एवढे जुने उदाहरण दुसरे नसावे.

‘ग्र’चा ‘ग्ल’ का झाला, यालाही कारण आहे. एकाच शब्दात दोन ‘र’ जवळ आले की जीभ अडखळते आणि त्यांपैकी एकाचा ‘ल’ करून मोकळी होते. भाषाशास्त्रात याला विषमीकरण म्हणतात. लॅटिन ‘पेरेग्रिनुस’चा इंग्रजीत ‘पिल्ग्रिम’ झाला, ‘पुर्पुरा’चा ‘पर्पल’ झाला. आपल्याकडे हरिद्रा या शब्दातल्या दोन ‘र’ची गत पाहा: प्राकृतात ‘हलिद्दा’, मराठीत हळद. दरिद्रचे दळिद्र तसेच. ग्रामरच्या बाबतीत तर थेट पुरावा आहे. १३व्या शतकात केंब्रिजमध्ये व्याकरणशाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला लॅटिनमध्ये ‘माजिस्टर ग्लोमेरिये’ म्हणत. इथेही ‘ग्र’चा ‘ग्ल’च. हॉलिवूडची पहिली वीट बसायला अजून सहाशे वर्षे होती.

स्कॉट्समधला ‘ग्लॅमर’ छापील स्वरूपात ठळकपणे दिसतो तो १८व्या शतकाच्या सुरुवातीला. कवी अॅलन रॅम्झीने १७२१च्या आपल्या कवितासंग्रहाला शब्दसूची जोडली, तिच्यात त्याने अर्थ दिला आहे: सैतान, चेटके किंवा हातचलाखी करणारे लोक जेव्हा नजरेला फसवतात, तेव्हा ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ‘ग्लॅमर टाकतात’ असे म्हणतात. म्हणजे ग्लॅमर ही वस्तूची चमक नव्हती. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर केलेली करणी होती.

रॅम्झीच्याच गीतसंग्रहामुळे प्रसिद्ध झालेल्या जॉनी फा या जिप्सीच्या पोवाड्यात हा अर्थ लख्ख दिसतो. जिप्सी सरदाराच्या दाराशी येऊन गातात. गाणे ऐकून सरदाराची बायको जिना उतरून खाली येते. तिचा देखणा चेहरा पाहताच जिप्सी तिच्यावर ग्लॅमर टाकतात आणि ती घरदार सोडून त्यांच्याबरोबर निघून जाते. इथे जरा थांबून पाहावे. देखणी ती आहे. आजच्या भाषेत ग्लॅमर तिच्यात असायला हवे. पण पोवाड्यात ग्लॅमर जिप्सींच्या हातात आहे आणि ती त्याला बळी पडली आहे. शब्दाचा अर्थ उलटा कसा फिरला, हे समजायला हे एक कडवे पुरते.

रॉबर्ट बर्न्सने १७८९च्या एका कवितेत ग्लॅमरचा धंदा करणारे जिप्सी आणि नरकाचे काळे ग्रामर कोळून प्यालेले चेटके यांना लागोपाठच्या दोन ओळींत बसवले आणि ‘ग्लॅमर’ला यमक दिले तेही ‘ग्रामर’चे. हरवलेली भावंडे पुन्हा शेजारी आली.

शब्द सगळ्या इंग्रजी वाचकांपर्यंत नेला तो वॉल्टर स्कॉटने. त्याचे १८०५ सालचे दीर्घकाव्य ‘द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल’ प्रचंड खपले. त्यात मायकल स्कॉट नावाच्या जादूगाराच्या थडग्यातून काढलेले पुस्तक एका खुज्या, खोडकर नोकराच्या हाती लागते आणि त्याला त्यातला जेमतेम एक मंत्र वाचता येतो. तो मंत्र ग्लॅमरचा. त्याच्या जोरावर अंधारकोठडीतली जळमटे राजवाड्यातल्या भरजरी पडद्यांसारखी दिसतात, अक्रोडाचे टरफल सोनेरी नौका होते, धनगराची खोपटी महाल होते, तरुण म्हातारा दिसतो आणि म्हातारा तरुण. हा सगळा भ्रम, यात खरे काही नाही, असे कवी लगेच बजावतो. आपल्याच अंकाच्या मालमत्ता पानावर ‘घोडबंदर रोडला ग्लॅमर’ असा मथळा होता आणि खाली सॅम्पल फ्लॅटचे छायाचित्र. तो मथळा देणाऱ्याने अजाणता शब्द अगदी मूळ अर्थाने वापरला, असे आम्ही समजतो.

हा मायकल स्कॉट खरा माणूस होता. १२व्या-१३व्या शतकातला विद्वान. तोलेदोमध्ये अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतरे केली, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारी राहिला, अॅरिस्टॉटलवरची भाष्ये युरोपात पोहोचवली. मरणोत्तर त्याची ख्याती चेटक्या अशी झाली आणि इटालियन कवी दान्तेने त्याला आपल्या काव्यातल्या नरकात भविष्यवेत्त्यांच्या रांगेत उभे केले. ग्रामर या शब्दाचे जे झाले, तेच या माणसाचेही झाले.

ब्रिटनच्या लोककथांत ग्लॅमर उतरवायचे उपायही सांगितलेले असतात. परीलोकात बाळंतपणाला बोलावलेल्या सुइणीच्या कथेत बाळाच्या डोळ्यांना लावायचे मलम चुकून तिच्या एका डोळ्याला लागते. त्याबरोबर महालाची गुहा होते. पुढे बाजारात तिला बोलावून नेणारा परीपुरुष चोरी करताना दिसतो. ती ओळख दाखवते. कोणत्या डोळ्याने पाहिलेस, असे तो विचारतो आणि तो डोळा फोडतो.

यानंतर अर्थ निवळत गेला. चेटकाला गुन्हा मानून देहान्त देणारे जुने कायदे ब्रिटनमध्ये १७३६ला रद्द झाले होते. भीती ओसरलेल्या वाचकांना वॉल्टर स्कॉटच्या काव्यातली जादू गोड वाटली. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्लॅमर म्हणजे दूरच्या, गेलेल्या गोष्टींना चढणारी मोहक छटा असा अर्थ रुळला. मग १९३०च्या दशकात या गोष्टीत हॉलिवूडचे स्टुडिओ आले. नटीचे छायाचित्र काढताना एका बाजूने कडक प्रकाश, बाकी चेहरा सावलीत, आणि नंतर मोठ्या आकाराच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने काम करून सुरकुत्या, वांग, डोळ्यांखालची वर्तुळे नाहीशी करायची. डोळ्यांवर ग्लॅमर टाकणेच हे, फक्त मंत्राऐवजी पेन्सिल. पण लोक म्हणू लागले, ‘तिच्यात ग्लॅमर आहे.’ १९३९ला अमेरिकेत या नावाचे मासिकच निघाले. हॉलिवूडने शब्द घडवला नाही. करणी करणाऱ्याच्या हातातून काढून तो नटीच्या अंगावर घातला.

मराठीत हा फरक प्रत्ययातूनच कळतो. चित्रपटाला ग्लॅमर ‘येते’, एखाद्या क्षेत्रा‘ला’ ग्लॅमर असते. गारूड मात्र मना‘वर’ होते. रॅम्झीच्या वेळचे ग्लॅमर मराठीत सांगायचे तर ‘गारूड’ हाच शब्द. त्याचाही प्रवास तसाच आहे: गरुडाच्या नावाने सर्पविष उतरवायची मंत्रविद्या, मग गारुड्याचा खेळ, मग गाण्याचे गारूड. दुसरा जवळचा शब्द नजरबंदी. पण तो वापरताना सांभाळावे, कारण हिंदीच्या नादाने आपल्याही बातम्यांत पुढारी ‘नजरबंद’ होऊ लागले आहेत. मराठीत त्याला नजरकैद म्हणतात.

चौकट लिहिणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. शब्दाची व्युत्पत्ती त्याच्या आजच्या रूपाकडे आणि आजच्या अर्थाकडे पाहून लावू नये. ‘ग्लो’ आणि ‘आमूर’ची चूक नेमकी तिथे झाली. आधी सर्वांत जुने तारीखवार अवतरण शोधावे. स्कॉट्ससाठी ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ इंटरनेटवर फुकट खुली आहे. तिच्यात दोन कोश एकत्र आहेत, एक १७००पर्यंतचा आणि एक त्यानंतरचा. ग्लॅमर दुसऱ्यात पाहावा. मग मधली रूपे मिळतात का ते पाहावे. इथे ग्रॅमरी आणि ग्लोमेरिया ती दरी भरून काढतात. ध्वनीबदल नेहमीचा आहे का, हे शेवटी. मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश घ्यायचा तर १८५७ची दुसरी आवृत्ती घ्यावी, १८३१ची नव्हे.

एक प्रतिस्पर्धी मत मात्र दखल घेण्याजोगे आहे. आइसलँडच्या ग्रेट्टिरच्या सागामध्ये, म्हणजे जुन्या गद्यकथेत, ग्लाम नावाचे भूत आहे आणि भलतेच काही दिसू लागले की ग्लामने आपले डोळे उसने दिले असे तिथे म्हणत. ‘ग्लामसीनी’ म्हणजे दृष्टिभ्रम. अर्थ इतका जवळचा की काही जुन्या अभ्यासकांनी ग्लॅमर तिथूनच आला असे मानले. पण ग्रामरकडे मधली रूपे आहेत. आजचे प्रमुख कोश ग्रामरच मानतात.

दुरुस्ती छापणार असाल तर रोमन हिज्जे तपासून छापावेत. चौकटीत नाम आणि विशेषण दोन्हींत ‘यू’ घातला आहे. नामात (glamour) तो हवा; अमेरिकेत ‘कलर’मधला ‘यू’ गेला तरी ‘ग्लॅमर’मधला बहुतेक ठिकाणी टिकला आहे. विशेषणाच्या (glamorous) मधून मात्र तो ब्रिटनमध्येही गळतो.

आपले,
कोश चाळणारे काही वाचक
नौपाडा, ठाणे (प.)