गाडीवाल्यालाही हेल्मेट हवे

पुण्यातील बाणेर, बालेवाडी, खराडी, वाघोली भागांत जागोजागी बांधकामे सुरू आहेत. साइटवर गवंडी, सेंट्रिंगवाले यांच्या डोक्यावर पिवळे हेल्मेट दिसते, पण डंपर, जेसीबी, काँक्रीट वाहून आणणारे ट्रान्झिट मिक्सर चालवणारे बहुधा चपलेवरच असतात. यंत्र तासाच्या भाड्याने, ऑपरेटरसकट येते. त्यामुळे तो ना बिल्डरचा, ना ठेकेदाराचा, आणि त्याला बूट कोणी द्यायचे हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

बंद केबिनमध्ये हेल्मेट नसले तर एक वेळ समजू शकते. पण ताडपत्री बांधायला किंवा फाळका उघडायला तो खाली उतरतो, तेव्हा वरून पडणारी वीट आणि मागे येणारी दुसरी गाडी त्याच्यासाठीही तितकीच धोक्याची असते. तेव्हा हेल्मेट, सेफ्टी शूज आणि चमकणारे जाकीट हवेच. सीटबेल्ट तर त्याहून महत्त्वाचा. उतारावर यंत्र कलंडू लागले की चालक बाहेर उडी मारतो आणि त्याच यंत्राखाली सापडतो. मजबूत केबिन असेल तर पट्टा त्याला आत धरून ठेवतो. दिवसभरच्या आवाजाने ऐकू कमी येते, त्याची तर दखलही घेतली जात नाही.

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा कायदा 1996 मध्येच आला, तरी हे चित्र आहे. म्हणून बांधकाम परवानगी देताना महापालिकेने भाड्याच्या यंत्रांवरील चालकांच्या सुरक्षा साधनांची लेखी जबाबदारी बिल्डरवर टाकावी, आणि साधने नसलेल्या चालकाची गाडी गेटवरच थांबवावी.

– एक वाचक, बाणेर, पुणे