सुरतेच्या गाडीवर रुजू झालेल्या मुलास

दोंडाईचा,
आश्विन वद्य पंचमी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

नंदुरबार आगारात वाहक म्हणून तू रुजू झालास आणि पहिल्याच महिन्यात तुला नवापूरमार्गे सुरतेची गाडी मिळाली, हे ऐकल्यापासून एक गोष्ट मनात आहे. ती फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहीत आहे. दसरा झाला की आपल्याकडची कितीतरी कुटुंबे कोयते, भांडी आणि लेकरे घेऊन बारडोलीकडच्या उसाच्या फडांवर निघतात. त्याच गर्दीत एखादे मूल किंवा एखादी मुलगी अशीही असू शकते, जिचा सौदा तिच्या नकळत झालेला असतो.

२००९ साली मी सातवीचा वर्ग घेत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातली एक हुशार मुलगी परतलीच नाही. चौकशी केली तेव्हा तिचे वडील म्हणाले, "गुजरातमा सोयरीक जमनी, पोर सुखमा राही, बाई." सोयरीक जमवणारी बाई त्यांच्या नात्यातली होती. मुलाकडच्यांनी हुंडा मागितला नव्हता. उलट लग्नाचा खर्च करून वर काही हजार रुपये त्यांनी वडिलांच्या हातावर ठेवले होते. बालविवाहाला मनाई करणारा २००६ चा कायदा मला ठाऊक होता, तरी मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ ओढली आणि पुढच्या नावाकडे वळले. सासरचे गाव कोणते, मुलाचे आडनाव काय, यातले काहीही मी विचारले नाही. वर्षभराने वडील भेटायला गेले, तेव्हा त्या पत्त्यावर तसे कुटुंबच नव्हते.

तेव्हापासून मी पाहत आले आहे की मुलांना घेऊन जाणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. तो मावशी असतो, मुकादम असतो, शहरात चांगले काम लावून देणारा गावचाच कोणी असतो, आणि ज्या घरात पीक बुडालेले किंवा आजारपणाचे कर्ज असते, तेच घर तो हेरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे धाक, फसवणूक किंवा आमिष दाखवून पिळवणुकीसाठी माणसाला नेले, तर त्याने स्वतः संमती दिली होती ही सबब चालत नाही. फडावरच्या मजुराचेही असेच आहे. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेणे हा गुन्हा नव्हे. पण ती फिटेपर्यंत हलू द्यायचे नाही असे कोणी म्हणू लागला, तर ती वेठबिगारी ठरते, आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज फेडण्याचे बंधनच उरत नाही. एवढे मजुरांना माहीत नसते. तुझ्या गाडीत बसलेल्या कोणाशी बोलणे निघाले, तर त्याला सांग.

तुझ्या कामात एक सोय आहे. अर्धे तिकीट मागितले की मुलाचे वय विचारणे तुझे कर्तव्यच आहे. एकच पुरुष पाच-सहा मुलांची तिकिटे काढत असेल, तर वय त्याला न विचारता मुलालाच विचार. नाव, गाव, शाळा, कोणाकडे चालला, हेही मायेने विचार. उत्तर देण्याआधी मूल त्या माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले, किंवा दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर चालत्या गाडीत वाद घालू नकोस. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ वर किंवा आपत्कालीन ११२ वर फोन कर आणि पुढच्या स्थानकात वाहतूक नियंत्रकाला सांग. लेकरांसह निघालेल्या प्रत्येक भिल्ल-पावरा कुटुंबाकडे मात्र संशयाने पाहू नकोस. पोटासाठी निघालेल्या माणसाचा अपमान करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आणि हे तुला निक्षून सांगते. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाड्याला, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांवर लोकांनी विश्वास ठेवला होता आणि मेलेले पाचही जण निर्दोष होते. गाडीतले प्रवासी चिडले तर तू मध्ये उभा राहा. मुलाचा फोटो काढून गटांवर टाकू नकोस आणि कोणाला टाकू देऊ नकोस. त्याची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे, आणि घरी परतल्यावर त्याला त्याच गावात तोंड दाखवायचे असते. खरे-खोटे ठरवण्याचे काम पोलिसांचे आणि बालकल्याण समितीचे आहे, आपले काम वेळेवर कळवण्याचे आहे. तुझा संशय चुकीचा निघाला, तर त्या माणसाची माफी माग.

त्या मुलीचे वडील आता नाहीत. आई गावातच आहे. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. लग्न लावून दिले ते आपणच, आता तक्रार केली तर आपल्यालाच धरतील, या भीतीने इतकी वर्षे तिने पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही. मूल हरवल्याची तक्रार तात्काळ गुन्हा म्हणून नोंदवावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे. इतका उशीर झाला असला, तरी तक्रार आजही देता येते. शाळेच्या जुन्या नोंदवहीतून मी मुलीची जन्मतारीख उतरवून आणली आहे आणि अर्जाचा मसुदाही तयार आहे. त्या माउलीला माझ्या एकटीच्या शब्दाने धीर येत नाही. दिवाळीत तुला एक दिवसाची रजा मिळाली, तर ती या कामासाठी राखून ठेव, म्हणजे आपण दोघे तिला सोबत घेऊन जाऊ.

तुझी आई