दुष्काळी पाणीदर ऑक्टोबरात ठरवा, एप्रिलमध्ये नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

धरणे तळाला गेली की एक सल्ला हमखास ऐकू येतो: पाणी फुकटात मिळते म्हणून उधळले जाते, दर वाढवा, लोक आपोआप जपून वापरतील. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

पाच माणसांचे घर, माणशी रोज 135 लिटर, म्हणजे वर्षाला साधारण 246 घनमीटर. धरणातून नगरपालिकेला मिळणाऱ्या घरगुती पाण्याचा ठोक दर घनमीटरमागे पैशांत मोजला जातो. इथे हिशेबापुरते 50 पैसे धरू. या घराच्या वाट्याला वर्षाचे 123 रुपये येतात. वाटेत 40 टक्के गळती धरली, तरी 205. उद्या हा दर दुप्पट केला, तर वर्षाला आणखी 205 रुपये, म्हणजे महिन्याला सतरा. तेही घरापर्यंत पोचत नाहीत, कारण बहुतेक गावांत अर्धा इंची नळजोडाची पाणीपट्टी वर्षाला ठरावीक असते. घागर भरा की अंगण धुवा, आकडा तोच. वाढीव बिल नगरपालिकेच्या थकबाकीच्या वहीत जाऊन बसते. जो भरत नाही त्याला दर किती लावला, याला तसा काही अर्थ नाही.

विजेचा खर्चही पाहा. एक घनमीटर पाणी 100 मीटर उंच चढवायला, पंपाची कार्यक्षमता 65 टक्के धरली तर, सुमारे 0.42 युनिट वीज लागते. आठ रुपये युनिटने हे 3 रुपये 35 पैसे झाले, म्हणजे कच्च्या पाण्याच्या गृहीत दराच्या सहापटीहून अधिक. गळणाऱ्या प्रत्येक घनमीटरमागे एवढी वीज वाया जाते आणि तरीही गळती थांबत नसेल, तर आणखी 50 पैशांनी ती थांबेल ही आशा भाबडी आहे.

ठोक दराचा परिणाम दिसतो तो उद्योगावर. तिथला दर घरगुती दराच्या कितीतरी पट असतो, मीटर असतो आणि बिल भरणारा व वापरणारा एकच असतो. कारखान्यातले गरम पाणी थंड करणाऱ्या शीतकरण मनोऱ्याचे उदाहरण घ्या. बाष्पीभवनाने जाणारे पाणी टळत नाही. टाळता येते ते क्षार वाढले म्हणून सोडून द्यायचे पाणी. क्षार तिप्पट होईपर्यंत पाणी फिरवले तर बाष्पीभवनाच्या दीडपट भरणा लागतो, सहापट होईपर्यंत फिरवले तर 1.2 पट. म्हणजे 20 टक्के बचत. मात्र त्यासाठी पाणी मृदू करण्याची व्यवस्था, रसायनांची मात्रा, क्षारमापक हे सगळे लागते आणि ते उभे करायला तीन-चार महिने जातात. एप्रिलमध्ये दर वाढवला तर कारखानदार पैसे भरतो किंवा टँकर मागवतो. बचत पुढच्या वर्षी होते, तोवर पाऊस पडलेला असतो.

म्हणूनच दरापेक्षा तारखेला महत्त्व आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा दर तीन वर्षांनी पाणीदराचा फेरआढावा घ्यायला सांगतो आणि व्यवस्थापन, प्रशासन, देखभाल-दुरुस्ती यांचा पूर्ण खर्च दरातून निघावा असे तत्त्व घालून देतो. त्यात धरण बांधण्याचा खर्च नाही आणि टंचाईची किंमतही नाही. धरण शंभर टक्के भरो की पंधरा, घनमीटरचा पायाभूत दर तोच. पण याच कायद्यातले कलम 12(6)(क) खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतले वापरायोग्य पाणी ऑक्टोबरअखेर साधारण सारख्या टक्केवारीत असावे, असे सांगते. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा टंचाईच्या वर्षांतला वाद याच कलमावर उभा आहे. साठ्याची वाटणी ऑक्टोबरात होऊ शकते, तर टंचाईचा दर त्याच दिवशी का ठरू नये?

15 ऑक्टोबरला रब्बी हंगाम सुरू होतो. पेरण्या व्हायच्या असतात, आडसाली (जुलै-ऑगस्टमधली) वगळता उसाची लागण हातात असते, औद्योगिक वसाहतीला यंत्रणा मागवायला वेळ असतो, नगरपालिकेला मुख्य वाहिनीवरच्या झडपा बदलता येतात. एप्रिलमध्ये ऊस शेतात उभा असतो आणि कोणताही दर तो उपटू शकत नाही. त्या महिन्यात हाती उरते फक्त कपात. 2016 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य उद्योगाच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितले ते एप्रिलमध्येच, आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले तेही एप्रिलमध्येच. पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी म्हणजे 25 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेतल्या 3 लाख 82 हजार लोकांत वाटले तर माणशी साडेसहा लिटर.

आमची सूचना अशी: दर तीन वर्षांच्या आदेशातच साठ्याच्या पायऱ्या छापून ठेवाव्यात. 15 ऑक्टोबरचा उपयुक्त साठा 75 टक्क्यांवर असेल तर नेहमीचा दर. त्याखाली, 50 खाली आणि 33 खाली असा चढता अधिभार. माणशी 55 लिटरपर्यंतच्या घरगुती पाण्याला अधिभार नसावा. कुणाच्या बैठकीची, कुणाच्या सहीची वाट पाहावी लागू नये. साठ्याचा आकडा आला की दर लागू. यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. गाळ साचलेल्या धरणाचे जुने क्षमता-तक्ते वापरले तर कागदावरचे 50 टक्के प्रत्यक्षात 50 नसतात. नाशिकच्या 'मेरी' या अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून गाळाचे सर्वेक्षण झाले असेल तिथे नवाच तक्ता धरावा.

दुसरी गोष्ट पाणी विकणाऱ्याच्या तिजोरीची. समजा, एका प्रकल्पाचा वर्षाचा खर्च 12 कोटी आणि विक्री 100 दलघमी (दशलक्ष घनमीटर). दर पडतो 1 रुपया 20 पैसे. दुष्काळात विक्री 40 दलघमीवर आली तर वसुली 4.8 कोटी. खर्च मात्र तेवढाच राहतो, कारण दरवाजे, कालवे आणि पगार पावसाबरोबर कमी होत नाहीत. तूट भरायला दर 3 रुपये करावा लागेल, आणि तो भरतील ज्यांनी बचत केली तेच. त्याऐवजी 60 टक्के रक्कम, म्हणजे 7.2 कोटी, मंजूर आरक्षणावर, म्हणजे त्या ग्राहकासाठी राखून ठेवलेल्या पाण्यावर, स्थिर आकार (वापर कितीही असो, ठरलेली रक्कम) म्हणून घ्यावी आणि उरलेली 48 पैशांनी मोजून. दुष्काळात 7.2 अधिक 1.92 असे 9.12 कोटी येतात; उरलेले 2.88 कोटी 72 पैशांच्या अधिभारातून निघतात. मोजून घेतलेल्या पाण्याचा दर 1 रुपया 20 पैसेच होतो, पण तो टंचाईच्या वर्षीच. चांगल्या वर्षी 48 पैशांनी कुणी बचत करणार नाही, हे खरे. त्याचा मोबदला असा की स्थिर आकार आरक्षणावर असल्याने गरजेपेक्षा जास्त आरक्षण अडवून बसणाऱ्यांना ते परत करावेसे वाटेल. केपटाउन शहर याच पेचातून गेले. 1 फेब्रुवारी 2018 पासून माणशी 50 लिटरची मर्यादा आली, वापर कोसळला, त्याबरोबर उत्पन्नही, आणि जुलैपासून नळाच्या मीटरच्या व्यासानुसार स्थिर आकार लावावा लागला. बचत केली म्हणून दंड, असे लोक म्हणाले. आधी सांगितले असते तर तसे वाटले नसते.

हे सगळे मोजमापावर अवलंबून आहे आणि मोजमाप नेमके दुष्काळातच बिघडते. इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटरला नळी पूर्ण भरलेली लागते. मीटरच्या आधी नळीच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ लांबी लागते. पाण्याची पातळी जॅकवेलच्या (जलाशयातून पाणी उपसायच्या विहिरीच्या) मुखाजवळ आली की भोवरा पडतो, हवा आत जाते आणि मीटर हवाही पाणी म्हणून मोजतो. पातळी आणखी उतरली की जलाशयात चर खणतात, तराफ्यावर पंप बसवतात, आणि हे तात्पुरते पाणी मीटरला वळसा घालून जाते. मग बिल पंपाची अश्वशक्ती गुणिले तास असे निघते. पण पातळी खाली गेल्याने चढाव वाढतो आणि पंपाचा विसर्ग पाटीवरच्या आकड्यापेक्षा कमी असतो. महापालिका भांडते, प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळते. आणीबाणीच्या पंपांसाठीही मीटरचा जोड जानेवारीतच करून ठेवावा. खर्च एका वादाच्या कागदपत्रांइतकाही नाही.

शेतीत तर मोजमापाआधीच घोडे अडते. नमुना नंबर 7 (पाणी मागणीचा अर्ज) भरून क्षेत्रावर, पिकावर पाणीपट्टी लागली की त्या हंगामात एक लिटरही वाचवण्याचे कारण उरत नाही. पाणी वापर संस्थांना घनमापनाने (घनमीटर मोजून) पाणी देण्याचा वेगळा कायदाही 2005 चाच. पण चारीत गाळ आणि गवत वाढले की खालचे पाणी चढते, फ्लूम (पाण्याच्या उंचीवरून विसर्ग मोजायची चारीतली अरुंद रचना) बुडतो आणि मोजपट्टी तीच उंची दाखवत असताना प्रत्यक्ष विसर्ग कमी असतो. संस्थेला न मिळालेल्या पाण्याचे बिल येते. शेतकऱ्यांचा घनमापनावरचा विश्वास इथे उडतो, दरामुळे नव्हे. आवर्तनाआधी (कालव्याला पाणी सुटण्याआधी) फ्लूमखालचा शंभर मीटर चारी साफ करणे एवढाच उपाय आहे.

राहता राहिले सोलापूर. उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडून ते शंभराहून अधिक किलोमीटर खाली शहरासाठी पाणी उचलणाऱ्या टाकळीच्या उपशापर्यंत न्यायचे, तर एका वेळेला पाच-सहा टीएमसी (अब्ज घनफूट) लागतात. धरणातून थेट शहरात पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीची योजना 170 एमएलडीची (रोज 170 दशलक्ष लिटरची) आहे. ती वर्षभर अखंड चालली तरी 62 दलघमी, म्हणजे 2.2 टीएमसी. बाकीचे पाणी पात्रात मुरते, उडते, बंधाऱ्यांत अडते, दोन्ही काठांच्या मोटारी ओढतात. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातले पाणीही वापरले गेले होते. अशा वर्षी नदीतून सोडलेल्या पाण्याचे बिल धरणाच्या दरवाजाशी मोजायचे की उपशाच्या जागी? उपशाशी मोजले तर वाटेत गेलेल्या पाण्याचा हिशेब कुणाच्याच नावावर येत नाही. दरवाजाशी मोजले तर काठावरच्या शेतकऱ्याचे पाणी शहराच्या बिलात जाते. आमच्या मते दोन्ही ठिकाणचे मोजमाप धरावे आणि फरक 'नदीकाठचा सिंचन वापर' म्हणून कालवा सल्लागार समितीच्या इतिवृत्तात टीएमसीत लिहावा. यंदाच्या ऑक्टोबरच्या बैठकीत समितीच्या सदस्यांनी मागच्या तीन वर्षांचा हा फरक तेवढा विचारावा. मोजण्या दोन्ही टोकांना होतातच. आकडे एका कागदावर आणायचे बाकी आहे.

आपले,
बिगरसिंचन पाणीवापराच्या कामातील काही निवृत्त अभियंते, सोलापूर