सुई कमरेत, मग लघवीत कसं?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,

सा. न. वि. वि.

मी इंदूरची, रामबागेतली. न्यूक्लिअर मेडिसिनच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी झाली, आता घरी असते. औषध चाचण्यांच्या संमतीपत्राविषयी एक विनंती आहे.

एक आजी आठवतात. यजमानांच्या कमरेत टेक्नेशियम लावलेलं डीटीपीए, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारं किरणोत्सारी द्रव्य, टोचलं होतं. पाठीतलं पाणी डोक्याकडे नीट चढतं का, ते बघायला. दोन-चार तासांत ते मेंदूच्या तळाशी पोचतं, २४ तासांत टाळूपर्यंत. आजींनी पडद्यावर खाली एक ठळक डाग पाहिला. "ताई, सुई तर पाठीत लावली नं, मग हे पेशाबच्या थैलीत कसं आलं?"

प्रश्न चोख होता. आमचे डॉक्टरही सुरुवातीची चित्रं आली की आधी मूत्राशयच बघत. ते पहिल्या काही तासांतच उजळलं तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर सुईच चुकली आहे.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातलं हे पाणी साधारण १५० मिलिलिटर, पण रोज ५०० च्या आसपास नवं तयार होतं. जुनं जातं ते रक्तात आणि मानेतल्या लसिका (लिम्फ) गाठींत. मेंदूत टोचलेलं प्रथिन मानेच्या लसिकेत सापडतं, हे सशांवरच्या प्रयोगांत १९८० च्या दशकातच दिसलं होतं. मेंदूच्या आवरणातल्या लसिकावाहिन्यांकडे मात्र सगळ्यांचं लक्ष गेलं २०१५ साली, उंदरांमुळे.

आता रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना मेथोट्रेक्सेट पाठीतून देतात, एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या बाळांना नुसिनर्सेन. एका दुर्मीळ आजारात तर विषाणूवर लादलेलं जनुक थेट मेंदूत सोडतात. युरोपने त्याला २०२२ मध्ये मान्यता दिली. पाठीतल्या पाण्यात सोडलेले असे जनुकवाहक विषाणू माकडांच्या यकृतातही सापडले, आणि मणक्यालगतच्या मज्जागाठींना इजा झालेलीही दिसली. घरच्यांच्या कानावर मात्र एवढंच पडतं, "मेंदूत देणार."

औषध चाचण्यांची संमती हा विषय इंदूरला नवा नाही. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली संमती घेतानाचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केलं. कॅमेरा आला. पण कॅमेऱ्यासमोर वाचतात तो कागद? अहो, तो मलाच दोनदा वाचावा लागतो.

२०१९ च्या चाचणी नियमांतल्या संमतीपत्रात एक पान वाढवा. त्यावर माणसाच्या शरीराची नुसती बाह्यरेषा. औषध टोचलं कुठे, गेलं कुठे, किती तास किंवा दिवस राहिलं, हे मोजलं माणसात की जनावरात, ते त्यावर खुणेने दाखवायचं. मोजलंच नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं, "मोजलेलं नाही." भाषा घरात बोलतात ती.

आजींना मी अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीमागे असंच चित्र काढून दिलं होतं: कमरेतून वर बाण, मानेशी दोन टिंबं, मग रक्त, मूत्रपिंड, थैली. दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी चिठ्ठी घडी करून बटव्यात ठेवली आणि यजमानांना जाऊन स्वतःच समजावलं.

कळावे,
एक निवृत्त तंत्रज्ञ
रामबाग, इंदूर