ओआरएस-झिंक चिठ्ठीवर कधी येणार?

महोदय,

गेल्या आठवड्यात माझ्या चार वर्षांच्या नातवाला जुलाब लागले. दवाखान्यात त्याला सलाइन लावलं, अँटिबायोटिकही दिलं. पोर तोंडाने पाणी पीत होतं, तरी! चिठ्ठीवर ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी नव्हती, जुलाबावर देतात ती झिंकची गोळीही नाही. जन्मभर परिचारिका म्हणून राबले, म्हणून जीव तुटला.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले. सोबत १० ते १४ दिवस झिंक द्या, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्येच सांगितलं. मग अडतं कुठे?

संशोधन प्रत्यक्ष उपचारात कसं उतरतं, याची परिचर्या-संशोधक ॲलिसन किटसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली चौकट मला पटते. पुरावा भक्कम हवा, जिथे तो वापरायचा तिथली परिस्थिती अनुकूल हवी आणि हाताला धरून शिकवणारं माणूस हवं. आपल्याकडे परिपत्रक येतं, एक दिवसाचं प्रशिक्षण होतं, हजेरीपटावर सह्या होतात, संपलं. आमच्या वॉर्डात बदल घडला तो एका सिस्टरमुळे. ती आईसमोर पुडी फोडायची, लिटरभर पाणी मोजायची, झिंकची गोळी चमच्यात विरघळवायची आणि आईलाच पाजायला लावायची. मूल तरतरीत झालेलं दिसलं की सलाइनचा हट्ट आईच सोडायची.

आरोग्य विभागाने प्रत्येक तालुक्यात अशी एक सिस्टर याच कामासाठी मोकळी ठेवावी. खासगी डॉक्टरांनाही तिच्यासोबत बसवावं.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा